थोडं बाजूला

भूमापनात तीस वर्षं नकाशे गिरवले मी,
हद्दीची रेघ केसाइतकी,
तिच्यावरून दोन भावांची कोर्टं चालायची.
आता डॉक्टरने दिलेला चौकटींचा कागद
फ्रिजवर लावलाय.
रोज सकाळी एकेक डोळा झाकून बघायचं.
उजव्यात मधल्या चार चौकटी
खाडीच्या पाण्यात बुडाल्यासारख्या वाकतात.
डाव्यात सध्या ठीक.
सध्या हा शब्द डॉक्टरचा.

भाद्रपद सरत आला की कशेळीचा सडा
जांभ्यावर नखभर माती धरून
निळा होतो.
सीतेची आसवं.
लोक गाडीतून बघतात, गालिचा म्हणतात.
मला गालिचा नकोय.
मला एकच हवंय, तुरीच्या डाळीएवढं,
ओठाच्या मधोमध पांढरा डाग असलेलं.

गोणपाट टाकून पालथी पडते,
अंगात मुलाची जुनी ट्रॅकपँट.
गुरांमागचा पोरगा लाजून समुद्राकडे बघतो.
लेन्स फुलापासून वीतभर.
इतक्या जवळ श्वासाचंही वादळ होतं.
आणि नेमकं जिथे बघावं तिथेच
शाई वाळायच्या आधी कुणी बोट फिरवलेलं.

इब्राहिम सोलकर रिक्षा कडेला लावून येतो,
वाऱ्याच्या अंगाला छत्री धरून उकिडवा बसतो.
पहिल्या वर्षी लांब बसून विडी ओढायचा.
आता राजापूरच्या बाजारातला चाळिशीचा चष्मा चढवून
कॅमेऱ्याचा पडदा वाचून दाखवतो:
"देठ आलाय, बाई. तोंड नाही.
पुढे. तांदूळभर.
थांबा, मुंगी येतेय. येऊ दे?"
"येऊ दे."

एकदा दमून मी छत्रीच्या मुठीकडे पाहिलं
आणि कडेला, न बोलावता,
फूल उभं राहिलं.
शेजारी दवबिंदूच्या लाल केसांत अडकलेलं चिलटही.
वळले, गेलं.
मुठीकडे बघितलं, आलं.
पाहुणा जेवत असताना ताटाकडे रोखून बघू नये,
आई म्हणायची.

ऐंशी फोटोंत तीन बरे.
एकात मुंगी लख्ख आणि फूल धुकं,
इब्राहिमला तोच आवडतो.

यंदा सड्यावर चिऱ्यांची रांग आहे,
प्रत्येकावर पांढरा रंग, वर लाल आकडा.
गट नंबर मला पाठ आहे, मीच गिरवलेला.
रांग थेट निळ्यातून जाते.
"सरळच लावलीय," इब्राहिम म्हणतो.
मी डावा डोळा झाकला.
उजव्यात ती मधेच कचरली,
थोडी वाकली,
फुलांना वळसा घालून पुढे गेली.

तिचा फोटो काढला नाही.
कॅमेऱ्यात सरळ आली असती.