चार बोटं

व्हालपराइसोच्या या टेकडीवर
तिला लिफ्ट म्हणतात, पण ती सरळ चढत नाही.
तिरपी जाते, गुडघे दुखणारं माणूस
कठड्याला धरून जिना चढतं तशी.
लाकडी डबा. रंग पिवळा, त्याखाली हिरवा,
पोपडा निघालाय तिथे त्याच्याही आधीचा निळा.

मी आल्याआल्या खिडकी धरली.
बाकीचे समुद्राकडे पाठ करून उभे:
गॅसची टाकी घेतलेला मुलगा,
गरम पाव पोटाशी धरलेली बाई,
गणवेशात पेंगणारी एक पोर.
त्यांना समुद्र पाठ आहे.

घंटा. पोटात एक हिसका,
आणि शहर पायाखालून सरकायला लागतं.
जहाजांच्या उरलेल्या रंगानं रंगवलेले पत्रे,
कुणाच्या चादरी, एका गच्चीवर कोंबडा,
एका गच्चीवर फुटका टब, त्यात पुदिना,
मग बंदर, माना खाली घातलेल्या क्रेन,
आणि सगळ्याच्या मागे तो,
प्रशांत, नावापुरता.

अर्ध्यावर दुसरा डबा समोरून येतो.
रहाटाचे दोन पोहरे जसे,
एक उतरतो म्हणून दुसरा चढतो.
दोन काचा, मध्ये हातभर वारा.
पाववाली ओरडते, "ताप उतरला का?"
उत्तर यायच्या आत ते खाली, आम्ही वर.
उत्तर उद्या मिळेल. इथे असंच बोलतात.

पैसे वर पोचल्यावर द्यायचे,
पोचवल्याशिवाय घेत नाहीत.
फिरत्या फाटकाशी एउदोसिया, मांडीवर लोकर,
नाणं घेताना एक टाका निसटतो,
तो ती पुढच्या फेरीला उचलते.

मी विचारलं, पाहुणे विचारतात तसलंच काहीतरी:
काय काय चढवलंत इतक्या वर्षांत?

"पियानो. दोन फेऱ्यांत, सुटा करून.
लग्नाचा केक, पाच मजली, वरचा मजला माझ्या मांडीवर.
एक बोकड. त्याचं तिकीट घेतलं मी.
एकदा खाली इस्पितळात निघालेली बाळंतीण,
बाळाला धीर नव्हता, अर्ध्यावरच आला.
गास्पार. आता तोच चाकांना वंगण घालतो.
मेलेलं माणूस मात्र नाही नेलं कधी."

सुई थांबली.
"पेटी चार बोटं लांब पडते.
बेर्नाबेनं स्वतः मोजली होती, दोरी लावून.
एकतीस वर्षं यंत्रावर होता माझा नवरा.
म्हणायचा, चार बोटांसाठी अडतंय बघ,
मी जरा बुटका मरतो."

नाही मेला बुटका.
सहा खांदे, एकशे बासष्ट पायऱ्या,
वळणावळणावर टेकत, मागून कुणाचंतरी कुत्रं.
हिला म्हणाले, तुझे गुडघे, तू डब्यातून उतर.
यंत्रावर गास्पार. त्यानंच शिकवलेला.
इतकं हळू आजवर कुणी चालवलं नसेल, ती म्हणते.

"तरी मी आधी पोचले.
जन्मभर उशीर माझाच. तो खाली उभा असायचा,
खिशातली चिल्लर वाजवत.
त्या दिवशी मी बसले बाकावर,
अर्धा तास. तो येईपर्यंत."

लोकर सारखी करून तिनं दोन टाके घातले.
"अर्ध्यावर सवयीनं बघितलंच मी
वर जाणाऱ्या डब्यात.
कुणी नव्हतं.
दार मात्र नीट लावलेलं होतं,
ते नुसतं ओढून लागत नाही, उचलून लावावं लागतं.
नवख्यांना जमत नाही."

मग माझ्याकडे सुटे नव्हते, तिच्याकडेही.
राहू दे, म्हणाली, उतरताना दे.
उतरताना तिथे दुसरीच कुणी होती,
तिनं काही मागितलं नाही.

डब्यात मी आणि ती रिकामी टाकी,
मुलगा तिच्यावरच बसलेला.
अर्ध्यावर, समोरच्या काचेतून
एका म्हाताऱ्यानं मला काहीतरी विचारलं,
भुवया उंचावून, अगदी ओळखीनं.
मला एवढंच कळलं की तो प्रश्न होता.
उद्या उत्तर द्यायला
मी या डब्यात नसेन.