हातचा

सरोवराच्या काठी, होमा बे गावात,
मासळी वाळते त्या गल्लीच्या वर, पत्र्याच्या खोलीत
अडोयो निविदा भरते.
मी तिच्या बेरजा तपासतो. एवढंच माझं काम.
बेरीज चुकली तर ती ओरडत नाही,
फक्त चहा देत नाही.

काम : दवाखाना. चार खोल्या, एक व्हरांडा,
दहा हजार लिटरची टाकी.
मुदत : मंगळवार, सकाळी अकरा.
कचेरीतल्या निळ्या पेटीच्या फटीतून
आजवर आमची सतरा पाकिटं आत गेली
आणि बाहेर कामं आली तीन.

बाकीचे ठेकेदार नकाशा बघून दर लावतात,
जिथे ठाऊक नाही तिथे वीस टक्के चढवतात.
ती गुरुवारी मोटरसायकलवर मागे बसून गेली,
शेजारच्या बाईकडून कुदळ मागून घेतली
आणि चांगल्या बुटांनिशी कमरेइतका खड्डा खणला.
काळी माती निघाली.
उन्हात भेगाळणारी, पावसात फुगणारी,
वर काय बांधलंय याची पर्वा नसलेली.
शेजारीण म्हणाली, इथे शाळेची भिंत उभी होती.
मग जरा थांबून : दोनदा.

अडोयोने वहीत लिहिलं :
दीड मीटर उकरणे, मुरूम भरणे, थर थर ठोकणे.
पाणी कुठून येतं? – गाढवावरून.
दिवसाला किती फेऱ्या? – सहा.
रविवारी? – रविवारी गाढवालाही सुट्टी.
तेही लिहिलं.

ओगुटू गवंडी म्हणाला, दिवसाला आठशे विटा.
तिने धरल्या पाचशे.
आठशे तो बोलताना लावतो, म्हणाली,
पाचशे लावताना.

सिमेंटचा भाव तीन दुकानांत विचारला,
चौथ्यात विचारला नाही, तिथे जुनी उधारी आहे.
सगळ्यात शेवटी नफा.
पेन्सिलने दहा टक्के. पुसले.
आठ. पुसले.
कागद तिथे इतका पातळ झाला
की पलीकडचा दिवा दिसायला लागला.
स्वस्तात घेता येतं रे कुठलंही काम, ती म्हणाली,
पण स्वस्तातलं काम घरी जेवायला येतं
आणि उठायचं नाव घेत नाही.
नऊ लिहिले. शाईने.

मग पानोपानी सही, पानोपानी शिक्का,
अनामतीची बँक हमी एकशे वीस दिवसांची.
एकशे एकोणीस दिवसांच्या हमीवर
आमचा एक पूल गेलाय.
तो ज्याने बांधला त्याच्या पुलावरून जाताना
ती अजून खिडकीबाहेर बघत नाही.

मंगळवारी पाच पाकिटं फुटली.
कारकून आकडे वाचत होता, दोनदा, मोठ्याने.
आमचं चौथं. एकसष्ट लाख चाळीस हजार शिलिंग.
त्यानंतरचं सर्वांत जवळचं एकोणसत्तर.
कबुगीने हात मिळवला, अभिनंदन म्हणाला,
आणि जरा जास्तच हसला.

घरी येईपर्यंत ती बोलली नाही.
दारात वही पुन्हा उघडली.
साडेसात लाखांचं अंतर, म्हणाली,
एवढं अंतर हुशारीचं नसतं.
काय विसरलो ते शोध.

आम्ही शोधलं. लोखंड बरोबर.
छपराचे पत्रे, खिळे, खिळ्यांखालची रबरंसुद्धा.
मुरुमाचे ट्रक, वाटेतल्या चढाचं डिझेल.
कुत्री भुंकून दमली, दिवा काजळला.
पहाटे तीनच्या सुमारास तिचं बोट
एका ओळीवर थांबलं :
पहारेकरी, रात्री सहा, आठवडे बावीस.

सहा.
गाढवाचा रविवार मांडला होता आम्ही,
चोराचा नाही.
हातचा एक घ्यायचा राहिला होता,
असा बावीस वेळा.

मला वाटलं, आता चहा नाही.
तिने स्टोव्ह पेटवला, दोन कप काढले,
आणि साडेसात लाखांपैकी फक्त एवढंच सापडल्यावर
बाकीचं कुठे गेलं असेल
याचा विचार करत दुधाकडे बघत राहिली.

रविवारी तिथे मी झोपेन, म्हणाली.
कांबळं आहे माझ्याकडे.
दूध वर आलं तरी
तिचं लक्ष नव्हतं.