सावकाश मोज

पुण्याहून परतलो तेव्हा बॅगेत प्रमाणपत्र होतं:
‘आपत्तीत संस्था तगवणे’, पाच दिवस, नाश्त्यासह.

तिसऱ्याच सोमवारी कुडचड्यात
मोबाईलवरून मोबाईलवर पसरलं,
बँक बुडाली.
शटर वर गेलं तेव्हा रांग
पोदेराच्या भट्टीपर्यंत.

मी फाईल शोधत होतो.
फुर्तादोबाईंनी चष्मा पुसला,
ड्रॉवर सताड उघडा ठेवला, सगळ्यांना दिसेल असा,
आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या,
“सावकाश मोज. घाई दिसली की संपलं.”

मासळीवाल्या सेबास्तियानाला सात हजार,
दोनदा मोजून, वर पोरीच्या बारावीची चौकशी.
खाणीवरच्या ट्रकवाल्या गांवकारांची सही जुळेना,
“दाढ काढलीत, तर सहीपण सुजली?”
मागे कुणीतरी हसलं.
रांगेतून दोघे घरी गेले.
मग आणखी.

साडेतीनला सेबास्तियाना परत.
घामेजलेले सात हजार, तोच रबरबँड.
“घरात उंदीर आहेत,” म्हणाली.

बाई निवृत्त झाल्या.
काउंटरवर आता नवी मुलगी, बोटं मशीनसारखी.
मी तिच्या मागे जाऊन उभा राहतो.
अजून काही बोललेलो नाही.