रोजच्या वापरातला

कुताइसीच्या शहर-संग्रहालयात
त्सियाला येते, ओला कोट तसाच अंगावर.
पहिल्या दालनात रिओनीची नवी चित्रं.
"एवढी निळी? नदीला विचारलं होतं का?"
म्हणत ती थेट मागच्या काचेपाशी.

पाटीवर : खलबत्ता. अक्रोड कुटण्यासाठी. रोजच्या वापरातला.

"रोजच्या?" ती नुग्झारला विचारते.
"नव्या वर्षाला, आणि घरातलं माणूस गेल्यावर. बस्स.
सासूनं रोज वापरला असता
तर उरला असता का तुमच्यासाठी?"

तो पेन्सिलीनं 'रोजच्या' खोडतो.
पुढं काय लिहावं, सुचत नाही.

ती पिशवी उघडते :
सोललेले अक्रोड, दोन किलो.
"परवा एकतीस तारीख.
किल्ली आण."

तो पांढरे हातमोजे पुढं करतो.
ती त्यांच्याकडं
बघतसुद्धा नाही.