कान असलेले शब्द

बझारगेटच्या छापखान्यात मी कॉपी होल्डर होते.
म्हणजे मूळ मजकूर मोठ्यानं वाचायचा,
स्वल्पविरामासकट,
आणि समोर बस्त्याव मिनेझिसनं
प्रुफावर पेन्सिल टेकवून ऐकायचं.
हायकोर्टाची अपिलं, विम्याची कलमं,
बोटींची वेळापत्रकं,
एकदा कुणाच्या तरी रेसच्या घोड्यांची वंशावळ.
अशी नऊ वर्षं. पगार वाढला दोनदा.

त्याच्याजवळ एक डिक्शनरी होती, पुठ्ठा गेलेली,
पहिली चाळीस पानं वाळवीनं आधीच वाचून संपवलेली.
डबा खाऊन झाला की तो तिच्यात
ई, ए, आर शोधायचा,
सलग, याच क्रमानं.
"बघ बाय, हार्टमध्ये कान आहे.
पर्लमध्ये आहे. लर्नमध्ये तर पाहिजेच.
बिअर्डमध्येही आहे,
म्हणून न्हाव्यापाशी जपून बोलावं."
मी म्हटलं, अरिअर्समध्ये?
"आहे की. पण शेठचा तो कान बंद आहे."

अक्षरं तीच, आवाज दर वेळी निराळा.
हार्ट म्हणताना कान कुठे जातो,
असं मी विचारलं तेव्हा
त्यानं उत्तर दिलं नाही.
मला वाटलं, विचारात पडलाय.

मला कळायला उशीरच झाला.
एका गुरुवारी, इंग्रजी कलमाच्या मधोमध,
त्याच सुरात, न थांबता मी मराठीत म्हटलं,
आज माझा भोपळा खारट झालाय.
बस्त्यावची पेन्सिल होती त्याच वेगानं सरकत राहिली.
नजर माझ्या ओठांवर.
मी श्वास घेतला,
तिथे त्यानं स्वल्पविराम दिला.

मी कुणाला बोलले नाही.
खाली मशीन धडधडत होतं,
पंचवीस वर्षं त्याच्या डोक्यावर बसून
माणूस दुसरं काय होणार?
दुसऱ्या दिवसापासून वाचता वाचता
मी टेबलावर बोट वाजवू लागले.
स्वल्पविरामाला एकदा,
पूर्णविरामाला दोनदा.
लाकडातून त्याच्या कोपरापर्यंत ते पोचायचं.
तोही काही बोलला नाही.
फक्त त्या दुपारी त्यानं ई चं पान काढून
डिक्शनरी माझ्याकडे फिरवली.

इयर: कान.
इयर: कणीस.
आणि खाली, मुंगीएवढ्या टायपात,
जुना प्रयोग:
इयर: नांगरणे.

"आमचं सहारला होतं," तो म्हणाला.
"तीन शेतं आणि एक खाजण.
बापूस नांगर धरायचा, मी बैलांच्या पुढे.
आता त्यावरनं जेट सुटतात."
मग पानं उलटत आर पर्यंत गेला.
रिहर्स: मुळात, पुन्हा कुळवणे.
"म्हणजे आपण दोघं रोज करतो तेच."
वाटेत हर्स लागला होता, शववाहिनी,
त्यातही कान होता,
ते पान त्यानं बोटाला थुंकी लावून झटकन मागे टाकलं.

मी प्रुफाच्या पाठीवर अर्थ लिहिला, देवनागरीत.
म्हटलं, तुमच्या इंग्रजीत ही पृथ्वी, तिच्यातही कान.
आमच्यात मात्र हिला मीनिंग म्हणतात.
तो हसला.
किती मोठ्यानं, ते त्याला कळलं नाही.
कंपोझिटर खिळे टाकून बघायला आले.

डिक्शनरी आता माझ्याकडे आहे.
नांगरणेच्या शेजारी, समासात,
त्याच्या पेन्सिलीचं एक हंसपद आहे,
इथे काही राहिलंय, अशी खूण.
काय राहिलंय ते लिहिलेलं नाही.
सहारच्या बाजूनं विमान येतं,
खिडकीची काच थरथरते,
तेव्हा कधी मी ते पान उघडते.
पानाला कान वगैरे लावत नाही, तेवढी खुळी नाही.
बोट वाजवते, त्या हंसपदापाशी.

एकदा.
दोनदा कधीच नाही.