हे आम्ही नेत नाही

मंगळवारी पहाटे, डुलुथच्या बर्फात,
ऑरव्हिलने लोरेटाबाईंच्या निळ्या डब्याला
नारिंगी चिठ्ठी अडकवली.

आत बागेचा पाइप, नाताळच्या दिव्यांची माळ,
आणि खाली
ऑक्सिजनची नळी, तीस हात लांब,
स्वयंपाकघरापासून त्याच्या पलंगापर्यंत पुरायची.

असलं काही यंत्राच्या दातांत गुंततं,
पट्टा थांबतो, मग कुणीतरी आत उतरून
सुरीने कापत बसतं.
गेल्या महिन्यात तो कुणीतरी ऑरव्हिलचा भाऊ होता.

लोरेटाबाईंनी चिठ्ठी दोनदा वाचली.
पाइप काळ्या डब्यात. माळही.
नळी मात्र कोपर ते अंगठा, कोपर ते अंगठा
गुंडाळत त्या दारातच उभ्या राहिल्या,
मग आत गेल्या.

पुढच्या मंगळवारी
नुसती पुठ्ठ्याची खोकी, चपटी केलेली,
सगळ्यांवर औषधाच्या दुकानाचं नाव.
इतकी, की झाकण लागेना.