सतरा जोड गमबूट

स्टोअरचा ताबा माझ्याकडे,
म्हणून मला ते आधी कळले मापांवरून:
सात नंबर पाच, आठ नंबर तीन, नऊ नंबर आठ,
आणि अकरा नंबर एक, जो बाजारात मिळता मिळेना.
सतरा देशांची सतरा माणसं येणार होती भांडुपच्या खाडीत,
ज्यांच्याकडे जंगल थोडं आहे.

त्याआधी पवईच्या हॉटेलात तीन दिवस
वन म्हणजे काय ते चाललं होतं.
अर्धा हेक्टर जागा, पाच मीटर उंची,
शंभरातल्या दहा भागांवर सावली.
मी मागच्या रांगेत, मांडीवर फायली,
मनात कन्नमवार नगर मोजून पाहिलं:
बिल्डिंगीमागे एक भेंड, एक शेवगा,
सावंतबाईंची कढीपत्त्याची कुंडी.
बसत नव्हतं.

'करतील' की 'करावे' यात एक दुपार गेली.
'शक्य तेथे' हे शब्द कंसात घातले, काढले,
चहानंतर पुन्हा घातले.
'निधी' शब्द आला
की एसीचा आवाज ऐकू यायचा.

चौथ्या दिवशी ओहोटी.
हरेश्वर वैतीची होडी गाळाला लागली, सगळे उतरले.
रोहित पाहायचे होते त्यांना. ते कधीच गेले होते.
मग एकमेकांचे फोटो काढले.

अकरा नंबर होता येमेनच्या मुर्शिद अहदलचा.
तीन दिवसांत बोलला नव्हता,
त्याच्या पाटीसमोरचं पाणीही तसंच, भरलेलं.
त्यानं तिवराचं पान तोडलं नाही,
फांदी खाली ओढली
आणि पान जिभेला लावलं.
म्हणाला, "कुर्म."

वैती पायाखाली बघायला लागला.
"कासव? कुठं हाय कासव?"

दुभाषी बाईंना हसू आवरेना.
तांबड्या समुद्राकाठी, त्याच्या गावात,
ह्याच झाडाला कुर्म म्हणतात.
हेच झाड?
हेच. मीठही हेच.
उंचीला मात्र त्यानं छातीपाशी हात धरला,
वरचं उंट खातात.
पाच मीटर भरत नव्हते.
मी काही बोललो नाही. मसुदा माझ्याच पिशवीत होता.

रोपवाटिकेत बाईंची गरज पडली नाही.
वैतीनं दुधाच्या पिशवीला दाभणानं पाच भोकं पाडली.
त्यानं बोटानं विचारलं, तळाला?
तळाला नाय, बाजूला.
गाळ दोन मुठी. बी पाण्यात ठेवायचं साल सुटेस्तोवर,
मग आडवं टेकवायचं नुसतं.
"दाबलंस तं कुजंल."
यावर त्यानं मान हलवली, पटल्यासारखी नाही.
दोन बोटांचा खेकडा करून पिशवीवर चालवला,
कोंब कुरतडून दाखवला,
मग काटक्या मोडून भोवती खोचल्या, तिरक्या, टोकं वर:
तिकडे बाभळीच्या काट्या लावतात.
वैती बराच वेळ उकिडवा बसून राहिला.
"तीस वर्सं झाली," तो म्हणाला, "ह्ये आपल्याला सुचलं नाय."

भरती लागली. बसचा हॉर्न.
निघताना अहदलचा पाय निघाला, बूट नाही.
मी ओढला, वैतीनं ओढला,
खाडीनं आमच्यापेक्षा जोरात.
समारोपाच्या फोटोत तो तिसऱ्या रांगेत आहे,
एक पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली.
ठराव एकमतानं मंजूर. कंस तसेच.

रजिस्टरात माझ्याकडे सोळा जोड, अधिक एक डावा.
दर वर्षी ऑडिट विचारतं, उजव्याचं काय?
पहिल्या वर्षी लिहिलं, गहाळ.
दुसऱ्या वर्षी वैतीबरोबर जाऊन पाहिला.
घोट्यापर्यंत गाळ, तोंडाशी एक खेकडा आत-बाहेर,
आणि शेजारी त्याला न शिवता आलेली
चार पानांची रांग, बाभळीच्या काट्यांत.

शेरा लिहिला: उजवा बूट, माप अकरा,
भांडुप खाडी येथे रुजू.

लेखाधिकाऱ्यांनी लाल गोल केला.
रुजू माणसं होतात, वस्तू नाही, दुरुस्त करा.

पाहतो म्हटलं.